नाव एक, घर वेगळं

माझ्या नवऱ्याच्या तेरवीची कार्डं उरली होती, तिथून हे सगळं सुरू झालं. दिरांनी ती हिंगोलीच्या प्रेसमधून छापून आणली तेव्हा सोयऱ्यांचा अंदाज चुकला, आणि तेरवी झाल्यावर सुतळीनं बांधलेला एक गठ्ठा तसाच राहिला. असलं कार्ड आमच्याकडं कुणी घरात ठेवत नाही. वाचायचं, फाडायचं, उंबऱ्याच्या बाहेर टाकून द्यायचं. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, दोनदा म्हणाल्या, "अगं, पाण्यात सोड न्हाईतर चुलीत घाल, पण घरात ठिवू नको." मी हो म्हणाले आणि गठ्ठा लोखंडी पेटीत साड्यांच्या खाली सारला. त्यात माया वगैरे काही नव्हती. उठून नदीवर जायचा कंटाळा आला होता, बस.

मांडी घालून फार वेळ बसलं की पाय बधिर होतो, चिमटा काढला तरी कळत नाही. तशी मी अख्खी झाले होते. कनेरगाव नाक्याच्या पुढं मोटारसायकलवर ते अपघातात गेले, तेव्हापासून. बाया भेटायला यायच्या, माझ्या गळ्यात पडायच्या, मोकळ्या आवाजात रडायच्या आणि मधूनच माझ्या डोळ्यांकडं बघायच्या. डोळे कोरडे. एकजण स्वैपाकघरात म्हणाली, "दगड हाय बाई नुसता." मला ऐकू येईल एवढ्याच हळू आवाजात म्हणाली. मला तिचा रागही आला नाही. चहात साखर कमी पडली होती, तेवढं मात्र आठवतं.

त्यांचं नाव मी कधी घेतलं नव्हतं. आमच्यात बायको नवऱ्याचं नाव घेत नाही. लग्नात सगळ्याजणी मागं लागल्या म्हणून उखाण्यात एकदा घेतलं तेवढंच, पुढं पाच वर्षं "अहो". ते गेल्यावर तर घरात कुणीच ते नाव घेईना. आत्याबाई "माझं लेकरू" म्हणायच्या, दीर "दादा" म्हणायचे, शेजारीपाजारी "तुमचे मालक". ते जिल्हा परिषदेत शिक्षक होते आणि माझं डीएड लग्नाआधी झालेलं होतं, म्हणून त्यांच्या जागी मला नोकरी मिळाली. त्या फायलीत त्यांचं नाव होतं "मयत कर्मचारी". मी वर्षभर त्या दोन शब्दांच्या खाली सह्या करत होते.

नेमणूक मिळाली पुसेगावच्या पुढं एका बंजारा तांड्यावर. हिंगोलीहून पुसेगावपर्यंत जीपमध्ये कोंबून, पुढं पायी. दोन खोल्यांची शाळा, एक लिंबाचं झाड, एक मोठे सर आणि एक मी. पहिली-दुसरी माझ्याकडं. पहिलीपासून इंग्रजी शिकवायचं असा वरून हुकूम तेव्हा नुकताच आला होता. वरच्यांचं काय जातंय, त्यांनी उंटावर बसून शेळ्या हाकायच्या! माझं स्वतःचं इंग्रजी दहावीला काठावर सुटलेलं. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? आणि समोरची लेकरं घरात तांड्याची बोली बोलणारी. मराठी हीच त्यांना शाळेत येऊन शिकावी लागायची, वर हे तिसरं.

सगळ्यात डोकं खाल्लं ते एकसारख्या आवाजाच्या शब्दांनी. सूर्य तोही सन, लेक तोही सन. फुलाला फ्लावर आणि पिठालाही फ्लावर. डोळ्याला आय, स्वतःला आय. मी फळ्यावर लिहायचे, लेकरं पाटीवर मराठी अक्षरांत उतरवून घ्यायची आणि मग सगळा गोंधळ. दुसरीतली एक पोरगी होती, सात-आठ वर्षांची, केसांना कायम तेल चोपडलेली, नाक पुसायला फ्रॉकचा घेर वापरणारी. ती उभी राहिली. म्हणाली, "बाई, दोघांला एकच नाव काहून?"

"इंग्रजांना विचार," मी म्हणाले. "गेले ते कधीच."

ती बसली नाही. विचार करत उभी राहिली. मग मलाच म्हणाली, "आमच्या तांड्यात बी एका नावाच्या तिघी हायती. एक विहिरीजवळची, एक लिंबाखालची, एक नाईकाच्या घरामागची."

"मग झालं तर. हे बी तसंच. नाव एक, घर वेगळं. स्पेलिंग म्हणजे घर. सूर्याच्या सनाच्या घरात यू राहतो, लेकाच्या सनाच्या घरात ओ. घर बघायचं, मग माणूस कळतं. बस खाली."

असं मी बोलून गेले. आज ऐकताना फार हुशारीचं वाटतं, पण तेव्हा ती पोरगी एकदाची खाली बसावी एवढाच माझा हेतू होता. बोलले आणि विसरले.

शब्दांच्या जोड्या लावायला कार्डं करा, असं प्रशिक्षणात सांगितलं होतं. पुठ्ठा कुठून आणायचा ते सांगितलं नव्हतं. एका रविवारी साडी काढायला पेटी उघडली तर हाताला गठ्ठा लागला. जाड पांढरा कागद, मागून कोरा. मी आत्याबाईंची ब्लाउज कापायची कात्री घेतली आणि बसले कापत. एका कार्डाचे दोन तुकडे. एका तुकड्यावर सूर्याचा सन, दुसऱ्यावर लेकाचा. पुढच्या कार्डावर दोन फ्लावर, त्याच्या पुढच्यावर खाल्लं ते एट आणि आठ ते एट. हात कसाही चालत होता. कुठलं कार्ड तिरकं कापलं गेलं, कुठलं नागमोडी. छापलेल्या बाजूकडं मी बघितलंही नाही. कोरी बाजू वर ठेवायची आणि स्केचपेननं लिहायचं. शंभर-एक तुकडे झाले असतील. आत्याबाई देवळात गेल्या होत्या म्हणून बरं, नाहीतर त्यांनी मला तिथंच उभी चिरली असती.

लेकरांना खेळ फार आवडला. मी जमिनीवर तुकडे पसरायचे, ती त्यांच्यावर गुडघे टेकून तुटून पडायची. पंधरा दिवसांत अशी सटासट जोड्या लावायला लागली की मोठे सर दाराशी उभे राहून बघायचे. केंद्रप्रमुख आले, त्यांनी शेरेबुकात "उपक्रम स्तुत्य" असं लिहिलं. मी काय करायचे? खिडकीशी खुर्ची टाकून बाहेर बघत बसायचे. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं. कपाशीचं रान होतं. कधी चार बकऱ्या जायच्या. लेकरं ओरडायची, "बाई, झालं!" मी मान वळवून बघायचे, जोड्या बरोबर असायच्या, मी "शाबास" म्हणायचे आणि परत बाहेर बघायचे.

नवरात्र बसलं तेव्हा त्या पोरीचा बाप शाळेत आला. चौथी शिकलेला, उंच, बोलताना रुमाल हातात चोळायची सवय. दिवाळी झाली की तांड्यातली निम्मी घरं ऊसतोडीला जायची आणि लेकरंही सोबत जायची. होळीनंतर कधीतरी परत यायची, तोवर शाळा विसरलेली असायची. तो म्हणाला, "बाई, धाकटं लेकरू सांभाळायला पोरगी लागते मला फडावर. पण ती म्हणून राहिली की मला इंग्रजी येतं. तिची आजी बी म्हणते ठीव माझ्यापाशी. मी दिवाळीच्या आधी येतो. खरंच येत असंल तर ठिवतो, न्हाईतर नेतो. आमच्यात आजवर कुणी पोरगी मागं ऱ्हायली न्हाई. लोक हसतेत."

म्हणजे त्या पोरीची शाळा आता माझ्या हातात होती. मला ते कळत होतं. तिलाही कळत होतं. त्या दिवसापासून ती मधल्या सुट्टीतही तुकडे घेऊन बसायला लागली. मला काळजी वाटायला हवी होती. वाटली नाही. म्हटलं येतंय तिला, बघून घेईल ती.

दिवाळीच्या सुट्ट्या लागायच्या आदल्या दिवशी तो आला. मी तुकडे पसरले, पोरगी पुढं बसली. बापासमोर दबेल असं वाटलं होतं, छे! तुकडा उचलायची, उलटापालटा करायची, दुसरा शोधायची, टक्कन जोडायची. सन-सन. फ्लावर-फ्लावर. एट-एट. एकही चुकली नाही. बापाचा चेहरा उजळला. "बराबर हाय का बाई?" त्यानं विचारलं. मी म्हणाले, "बराबर हाय." मोठ्या सरांनी टाळ्या वाजवल्या. बापानं कौतुकानं वाकून एक जोडी उचलली, दोन्ही तुकडे चिकटवून धरले आणि सहज पाठ बघितली.

चौथीपर्यंतच शिकलेला माणूस, अक्षरं जुळवत वाचायला लागला. "यांचे... दुःखद... निधन..."

त्यानं जोडी खाली टाकली. विंचू दिसल्यासारखा मागं सरला.

"हे मयताचं कार्ड हाय बाई! माझी पोरगी हे घरी आणती, देवाच्या फळीवर ठिवती! धाकट्याला आठ दिस झाले ताप हाय माझ्या! काहून केलं असं तुमी?"

मी म्हणाले, "माझ्या मालकाचं हाय. उरली होती कार्डं." असं म्हणाले, जसं काही भाजी उरली होती.

मोठे सर कपाळाला हात लावून उभे राहिले. तेवढ्यात पहिलीतलं एक पोरगं, त्याला बिचाऱ्याला काय कळणार, उड्या मारत पुढं आलं. "बाई, मागून बघितलं ना, की लवकर जुळतं! मागचं नाव पुरं करायचं!" आणि सगळी लेकरं आपापली हुशारी दाखवायला तुकडे उलटे करून जोडायला लागली. तेव्हा मला कळलं. वाकडंतिकडं कापल्यामुळं प्रत्येक कार्डावर ते नाव वेगळ्या ठिकाणी तुटलं होतं. कुठं पहिल्या अक्षरानंतर, कुठं आडनावाच्या मधोमध. नाव पुरं झालं की जोडी बरोबर. पुढच्या इंग्रजीकडं बघायची गरजच नव्हती. आंधळं दळत होतं आणि कुत्रं पीठ खात होतं. आणि आंधळं म्हणजे मी, खिडकीशी बसलेली.

बापानं माझ्याकडं बघितलं, मग फळ्याकडं. मी खडू घेतला. दोन्ही सन लिहिले आणि पोरीला म्हणाले, "सूर्य कुठला?"

ती फळ्याकडं बघत राहिली. मग माझ्या हाताकडं बघितलं, जसं काही मी फळाही उलटा करणार होते. मग तिनं फ्रॉकचा घेर उचलून नाक पुसलं.

"चल," बाप म्हणाला. एवढंच. ओरडला नाही.

मी तेव्हा बोलायला हवं होतं. दादा, तिची चूक न्हाई, माझी हाय, मी शिकवलंच न्हाई, मी नुसती बसले होते. एक महिना द्या, मी शिकवते. असं म्हणायला हवं होतं, पाया पडायला हवं होतं. मी खाली बसून तुकडे गोळा केले. दोन-चार जोड्या कमी होत्या. ते दोघं फाटकातून बाहेर गेले, मी रबर शोधत होते.

दिवाळीनंतर ऊसतोडीची टोळी न्यायला मुकादमाची गाडी आली आणि ती गेली. वर्गात बारा लेकरं राहिली. मी ती कार्डं बाजूला ठेवली, जवळा बाजार या गावी राहणाऱ्या बहिणीकडून साबणाच्या पेट्यांचे पुठ्ठे मागवले आणि नवे तुकडे केले, एकसारखे चौकोनी. खुर्ची खिडकीपासून उचलून मध्ये आणली. लेकरांच्या शेजारी जमिनीवर बसायला लागले. तूच सांग, पिठाच्या फ्लावरच्या घरात कोण राहतो? डब्ल्यू का यू? चुकलं, परत बघ. बारा जणांना ते हळूहळू यायला लागलं, पण मला तेरावी दिसायची, फ्रॉकनं नाक पुसणारी. बधिर पायात मुंग्या यायला लागतात तेव्हा आधी बरं वाटत नाही, दुखतंच. एके दिवशी हजेरी घेताना तिच्या नावापुढं गैरहजेरीची खूण करायला हात उचलेना. मोठे सर म्हणाले, "लई दिवस झाले, नाव कमी करावं लागतंय आता." मी त्यांच्यावर एवढी खेकसले, एवढी खेकसले, की ते माठाकडं निघून गेले. मलाच नवल वाटलं. दोन वर्षांत मला राग आला नव्हता.

निकालाच्या चार-पाच दिवस आधी, कडक उन्हात, टोळ्या परतल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेच्या पायरीवर ती बसलेली. काळी पडलेली, वाळलेली, उंच झालेली. कडेवर धाकटा भाऊ, खणखणीत. मागं बाप उभा, रुमाल चोळत. तिनं भावाला खाली ठेवलं आणि फ्रॉकच्या खिशातून कापडात बांधलेले तुकडे काढले. माझेच ते, कमी पडलेले. पण जाड झाले होते. बिस्किटाच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर चिकटवलेले, कडा कोयत्यानं सरळ कापलेल्या. मागून आता नुसता पुठ्ठा होता.

बाप म्हणाला, "मयताचं घरात नको म्हणून मी फाडाया निघालो होतो बाई. तिनं हातच धरला. म्हणे, बाईच्या मालकाचं हाय, फाडू नको. मग तिच्या याडीनं, म्हंजी मायनं, पिठाची खळ केली, मी पुठ्ठे कापले. फडावरच्या झोपडीत, कोपीत बसून समदी टोळी बघायची. आता मागून बघता येत न्हाई. बघा तुमी. तुमीच बघा."

मी तिच्यासमोर पायरीवर बसले. तुकडे पसरले नाहीत. नुसता एक उचलला, तिच्यापुढं धरला.

"सन," ती म्हणाली. "यू हाय. सूर्य."

दुसरा धरला. "ह्यो बी सन. घरात ओ हाय. लेक." आणि भावाकडं बोट केलं.

फ्लावर धरला. तिनं डोळे बारीक केले. "यू. पीठ." मग आठ. मग खाल्लं. मी शाळेतून नवे पुठ्ठे आणले, तिनं कधी न बघितलेले. रस्त्याचा रोड आणि घोड्यावर बसला तो रोड, तिथं अडली, चुकली, माझ्याकडं बघून म्हणाली, "ह्यांचं घर म्या बघितलं न्हाई अजून." मी फळ्यावर दोन्ही घरं काढून दाखवली. तिनं एकदा बघितलं. मग चुकली नाही.

"खरं हाय का बाई आता?" बापानं विचारलं. मागच्या वेळेसारखा हसत नव्हता. भीत होता.

"खरं हाय," मी म्हणाले. "दादा, मागच्या वेळंला चूक माझी होती. तिची न्हवती. मी शिकवलंच न्हवतं."

त्यानं रुमाल झटकून खांद्यावर टाकला. मग म्हणाला, "यंदा ऱ्हाईल ती तिच्या आजीपाशी. लोकाला हसू द्या."

पोरगी उठून माझ्याजवळ आली. तिला वाटलं असावं, पुठ्ठे चिकटवले म्हणून मी रागावले. तिनं एक जोडी माझ्या तळहातावर ठेवली आणि वरून बोट दाबलं. "नाव आत हाय बाई," ती म्हणाली. "न्हाई फाडलं. आत हाय." आणि मग तिनं ते म्हणून दाखवलं. पाठ होतं तिला. कै. लावून, त्यांच्या वडलांच्या नावासकट, आडनावासकट, एका दमात, पाढा म्हणतात तशा सुरात. दारात जमलेल्या लेकरांनी ऐकलं, आणि त्यांनाही ते पाठ होतं, अख्ख्या वर्गाला पाठ होतं; त्यांनी तिच्यामागून ते एका आवाजात म्हटलं. त्यांना वाटत होतं, कै. हाही नावाचाच भाग आहे.

दोन वर्षांत माझ्या कानावर ते नाव पडलं नव्हतं. मला रडू आलं. रडू आलं म्हणजे काय, मी पायरीवर बसून हंबरडा फोडला, पदर तोंडात कोंबला तरी आवाज थांबेना. धाकटं लेकरू घाबरून रडायला लागलं. मोठे सर पाणी घेऊन धावत आले. बाप कावराबावरा होऊन विचारत होता, "काय झालं बाई? पोरगी नाव चुकली काय? तकलीफ झाली काय काही?"

"न्हाई," मी म्हणाले. "बराबर घेतलं."

मग मी पण घेतलं. उखाणा नाही, काही नाही, नुसतं नाव. पहिल्यांदा आवाज फुटला नाही, म्हणून दुसऱ्यांदा घेतलं. इथं लिहीत नाही, जुनी सवय आहे.

त्या वर्षी दिवाळीनंतर मुकादमाची गाडी आली, भरली आणि गेली. शाळा उघडली त्या सकाळी मी हजेरी घेत होते. अर्धं वर्ष बुडाल्यामुळं तिचं नाव यंदाही दुसरीतच, माझ्याच वहीत होतं. तिच्या नावाशी आले आणि मान वर करून बघायचा धीर होईना, म्हणून वहीकडं बघूनच नाव पुकारलं.

"हजर बाई," ती म्हणाली.